वनस्पती पेशी : प्रकार व कार्ये

रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या पातळ कापात जे कप्पे पाहिले आणि ज्यांना ‘सेल’ म्हटले, त्यांत जिवंत असे काहीच उरले नव्हते. त्याला दिसल्या त्या फक्त भिंती. वनस्पती पेशीचे काम ओळखायला आजही भिंतीपासूनच सुरुवात करणे सोयीचे पडते.

पातळ सेल्युलोज भित्तिकेच्या जिवंत पेशी म्हणजे मूल ऊतीच्या (ऊती म्हणजे एकच काम करणाऱ्या पेशींचा समूह) पेशी. बटाट्याचा गर त्यांचाच. तिथे त्या पिष्ट साठवतात, तर पानात हरितलवके बाळगून अन्न तयार करतात. जलपर्णीच्या फुगीर देठात त्यांच्यामध्ये हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून ती तरंगते. स्थूलकोन पेशींची भित्तिका कोपऱ्यांत जाड होते, पण भिंत कडक करणारे लिग्निन हे द्रव्य नसल्याने लवचीक राहते. भोपळ्याच्या वेलाचे कोवळे खोड वाकते, पण सहसा मोडत नाही, ते त्यांच्यामुळे.

दृढ पेशींच्या भित्तिकेत लिग्निन साचते आणि पूर्ण वाढ होताच त्या बहुधा मरतात. नुसते ‘आधार देतात’ एवढे म्हणून त्यांची बोळवण करणे योग्य नाही. तागाचे खोड पाण्यात कुजवले की तंतूंना धरून ठेवणारा मऊ भाग सडतो आणि लांब, टोकदार दृढ पेशींचे तंतू सुटे होतात. नारळाचा काथ्याही तंतूंचाच. याच पेशी आखूड असल्या तर त्यांना अश्मपेशी म्हणतात. पेरूच्या गरात, बिया बाजूला काढल्यावरही, दाताखाली बारीक रवाळ कण येतात. ते अश्मपेशींचे पुंजके. करवंटीचा टणकपणाही त्यांचाच.

जलवाहिनीतून पाणी वर चढते तेही मृत, पोकळ पेशींमधूनच. पानात तयार झालेले अन्न वाहून नेणाऱ्या रसवाहिनीतल्या चालनी नलिकेच्या पेशी मात्र जिवंत असतात, पण केंद्रकाविना. त्यांचा कारभार शेजारची सहपेशी पाहते. पानावरच्या रक्षक पेशी पाण्याने फुगल्या की पर्णरंध्र, म्हणजे त्यांच्यामधले बारीक छिद्र, उघडते, सैलावल्या की मिटते.

काही पेशी आजूबाजूच्या पेशींहून अगदी वेगळ्या असतात. अळूच्या पानांतल्या अशा पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांच्या जुड्या भरलेल्या असतात. पान चावले की त्या सुया बाहेर पडून तोंडात, घशात रुततात. पाने खाणाऱ्या प्राण्यांपासून झाडाचा असा बचाव होतो. अळू खाजरे लागते ते यामुळेच, आणि अळवाच्या भाजीत चिंच किंवा आमसूल घालतात ते ही खाज मारण्यासाठी.