आयत्या वारुळावर राणी

गुलाम बाळगणारी मुंगी पाळायची तर एका नव्हे, दोन जातींची सरबराई करावी लागते. हा धडा पहिल्यांदा मिळाला जिनिव्हाच्या पिएर ह्युबरला. वडील फ्रान्स्वा ह्युबर आंधळे, तरी मधमाश्यांचे नामांकित अभ्यासक. तेव्हा हे वेड घरातलंच. १७ जून १८०४ रोजी दुपारी चार-पाचच्या सुमाराला पिएर गावाबाहेर फिरत असताना पायाशीच तांबूस मुंग्यांची पलटण रस्ता ओलांडताना दिसली. आठ-दहा फूट लांब, तीन-चार इंच रुंद. ती काळपट मुंग्यांच्या वारुळात शिरली आणि अळ्या, कोष तोंडात धरून माघारी फिरली.

ही पॉलिअर्गस. ग्रीकमध्ये या नावाचा अर्थ 'कष्टाळू', आणि नाव ठेवलं गेलं तेही त्याच १८०४ साली. याहून मोठी थट्टा कुठली! तिचे जबडे कोयत्यासारखे, शत्रूचं डोकं भोसकायला नामी. पण त्यांनी ना माती उकरता येते, ना पिल्लं सांभाळता येतात. पळवलेल्या कोषांतून बाहेर पडणाऱ्या फॉर्मिका जातीच्या मुंग्यांना पहिला वास मिळतो तो याच वारुळाचा. त्या त्यालाच आपलं घर समजतात आणि सगळी कामं उपसतात.

ह्युबरने तीस पॉलिअर्गस काचेच्या पेटीत ठेवल्या. सोबत माती, त्यांच्याच अळ्या, कोष आणि मध. दोन दिवसांच्या आत निम्म्याहून अधिक उपाशी मेल्या. मग त्याने एकच काळी कामकरी मुंगी आत सोडली. तिने एकटीने खोली खणली, अळ्या गोळा केल्या आणि उरलेल्यांना भरवून जगवलं. डार्विनने १८५९ सालच्या आपल्या ग्रंथात हा प्रयोग उचलला, पण मुंग्या गुलाम बाळगतात यावर आधी त्याचाही विश्वास बसत नव्हता. म्हणून त्याने स्वतः 'सँग्विनिया' या दुसऱ्या जातीची चौदा वारुळं उकरून पाहिली. सँग्विनिया गुलाम आणते, पण स्वतःही राबते. म्हणून पाळायला ती सोपी.

डार्विनचा शेजारी जॉन लबक हा बँकर आणि खासदार. इंग्लंडच्या बँकांना सुट्ट्या मिळवून देणारा १८७१ चा कायदा त्याचाच. दोन काचांमध्ये मातीचा पातळ थर देऊन तो घरात मुंग्या पाळी. एकट्या ठेवलेल्या पॉलिअर्गसकडे रोज तास-दोन तास एक गुलाम मुंगी सोडून त्याने त्यांना तीन महिने ठणठणीत ठेवलं. म्हणजे घरकामाला बाई लावली म्हणायची!

पाळणाऱ्यापुढची खरी अडचण मात्र राणीची. इतर मुंग्यांची नवी राणी बंद नळीत एकटी ठेवली की बहुधा अंडी घालून पहिली पिल्लं स्वतः वाढवते. पॉलिअर्गसच्या राणीला ते जमत नाही. रानात ती एकटीच फॉर्मिकाच्या वारुळात शिरते, तिथल्या राणीला चावून मारते, तिचा वास अंगाला माखून घेते आणि मग तिथल्याच कामकऱ्यांकडून सेवा करवून घेते. आयत्या बिळावर नागोबा तो हाच. घरी हे घडवायचं तर फॉर्मिकाची वसाहत आधी हाताशी हवी. पुढेही गुलाम मुंग्या मरत जातात आणि तिथे त्यांची राणी नसल्याने नव्या जन्मत नाहीत. म्हणून दर उन्हाळ्यात फॉर्मिकाचे नवे कोष आणून टाकावे लागतात. त्यातले काही खाल्ले जातात, तेव्हा हिशोब सढळच धरावा.

'गुलाम' शब्दावरही आक्षेप आहे. अमेरिकी संशोधक जोन हर्बर्स यांनी त्याऐवजी 'चाचे मुंग्या' म्हणावं असं सुचवलं. पण काचेच्या पेटीत कोष पळवून आणणारा चाचा पाळणाराच असतो.