‘अनामिक ख्रिस्ती’ आणि ‘अज्ञात ख्रिस्त’: राहनर आणि पणिक्कर यांची गल्लत

धर्माधर्मांतल्या संवादावर काहीही वाचायला घ्या, दोन शब्दप्रयोग जोडीनेच येतात: कार्ल राहनर यांचा ‘अनामिक ख्रिस्ती’ आणि रायमुंडो पणिक्कर यांचा ‘हिंदू धर्मातला अज्ञात ख्रिस्त’. दोघेही कॅथलिक धर्मगुरू, दोघेही तत्त्वज्ञानात मुरलेले आणि दोघांचं हे लेखन १९६०च्या दशकातलं. त्यामुळे दोघांचं म्हणणं एकच, हिंदू माणूस नकळत ख्रिस्तीच असतो, असा समज पसरलेला आहे. मग त्यावर चिडायचं की सुखावायचं एवढंच काय ते उरतं.

प्रत्यक्षात राहनर माणसाबद्दल बोलतात आणि पणिक्कर ख्रिस्ताबद्दल. चर्चच्या बाहेर राहिलेल्या माणसाचं तारण, म्हणजे उद्धार, कसा होतो, हा राहनर यांचा प्रश्न. हिंदू परंपरा ज्याचा शोध घेते तो आणि ख्रिस्ती लोक ज्याला ख्रिस्त म्हणतात तो, यांचं नातं काय, हा पणिक्कर यांचा. पहिला प्रश्न सुटला म्हणजे दुसरा सुटला असं होत नाही.

राहनर (१९०४–१९८४) जर्मनीतल्या फ्रायबुर्गचे, येशूसंघाचे (जेझुइट). फ्रायबुर्गमध्येच त्यांनी तत्त्वज्ञ हायडेगरची व्याख्यानं ऐकली, पण तिथेच त्यांचा तत्त्वज्ञानातला प्रबंध मार्गदर्शकाने नाकारला. तोच प्रबंध १९३९ साली ‘गाइस्ट इन वेल्ट’, म्हणजे ‘जगातला आत्मा’, या नावाने छापून आला आणि पुढे गाजला. अनामिक ख्रिस्ती ही कल्पना या तत्त्वज्ञानातून उगवलेली आहे. ती निव्वळ उदारपणातून आलेली नाही. माणूस कुठलीही एक वस्तू जाणतो तेव्हा त्याची बुद्धी त्या वस्तूशी थांबत नाही, तिच्या पलीकडच्या अमर्याद क्षितिजाकडे आधीच झेपावलेली असते, असं राहनर मांडतात. त्या क्षितिजाला देव म्हणा. आणि देवाची कृपा माणसाच्या या ओढीला मुळापासूनच स्पर्श करून असते.

आता यात ख्रिस्ती शास्त्रातलं एक कोडं आणून ठेवा. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हटलंय की सर्वांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा आहे. चर्चची शिकवण सांगते की तारण ख्रिस्ताद्वारेच. आणि इतिहासातल्या बहुसंख्य माणसांच्या कानावर ख्रिस्ताचं नावही गेलेलं नाही. तिन्ही विधानं एकत्र टिकवायची तर ख्रिस्ताची कृपा त्याचं नाव न ऐकलेल्यांपर्यंतही पोहोचते असंच म्हणावं लागतं. जो सदसद्विवेकबुद्धीला जागतो, शेजाऱ्यावर निरपेक्ष प्रेम करतो, मरणालाही विश्वासाने सामोरा जातो, त्याने त्या कृपेला होकार दिलेलाच असतो; फक्त तो कोणाला दिला हे त्याला नावानिशी ठाऊक नसतं. तो अनामिक ख्रिस्ती.

राहनर यांना केवळ सुटा माणूस दिसत होता, धर्म दिसत नव्हते, असंही म्हणता येत नाही. १९६१च्या एका व्याख्यानात त्यांनी स्पष्ट सांगितलं की माणूस समाजात राहतो, त्याला कृपा मिळते तीही त्याच्या समाजाच्या धर्मातूनच, म्हणून ख्रिस्तेतर धर्मालाही काही काळ वैधता असते. मात्र या मांडणीत उपनिषद येत नाही की धम्मपद. तिला त्यांची गरजच नाही. ती अ‍ॅमेझॉनच्या जंगलातल्या माणसाला लागू पडते तशीच म्युनिकमधल्या सज्जन नास्तिकालाही. तिचं बळ यातच आहे आणि कोरडेपणाही.

टीका दोन्हीकडून झाली. कॅथलिक ईश्वरविज्ञानी हान्स उर्स फॉन बाल्थासार यांनी १९६६ साली एका छोट्या पुस्तकात कल्पनेची खिल्ली उडवली: सगळेच अनामिक ख्रिस्ती असतील तर श्रद्धेसाठी जीव देणारा हुतात्मा कशासाठी मेला? उलट हान्स क्युंग या दुसऱ्या कॅथलिक ईश्वरविज्ञानींना हे परस्पर नाव देणं दुसऱ्या धर्माच्या लोकांवर लादल्यासारखं वाटलं. राहनर यांचा बचाव असा की हे नाव हिंदूला किंवा बौद्धाला हाक मारण्यासाठी नाहीच. ख्रिस्ती माणसाने आपल्याच श्रद्धेची तर्कसंगती लावण्यासाठी ते घरातल्या घरात वापरायचं. क्योतोचे तत्त्वज्ञ केइजी निशितानी यांच्याशी झालेला संवाद राहनर यांनी स्वतः नोंदवला आहे. मी तुम्हाला अनामिक झेन बौद्ध समजलो तर काय म्हणाल, असं निशितानींनी विचारलं. तुमच्या बाजूने तुम्ही तसं समजायलाच हवं, मला त्यात मानच वाटेल, असं राहनर यांचं उत्तर होतं. मग आपलं या बाबतीत पूर्ण जमलं, असं निशितानी म्हणाले. मला हा बचाव पटतो. निदान त्यात लपवाछपवी नाही.

पणिक्कर (१९१८–२०१०) यांची गोष्ट वेगळ्याच घरातून सुरू होते. जन्म बार्सिलोनाचा, आई कातालान कॅथलिक, वडील केरळचे हिंदू. तत्त्वज्ञान, रसायनशास्त्र आणि ईश्वरविज्ञान अशा तीन विषयांत त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १९५०च्या दशकात ते भारतात आले, वाराणसीत राहिले, संस्कृत ग्रंथांत बुडाले. अज्ञात ख्रिस्तावरचं त्यांचं पुस्तक १९६४ साली आलं. त्याचा कणा म्हणजे वेदान्ताचा पायाभूत ग्रंथ असलेल्या ब्रह्मसूत्रांतल्या दुसऱ्या सूत्राचं वाचन: ‘जन्माद्यस्य यतः’. या जगाची उत्पत्ती, स्थिती आणि लय ज्यापासून होतात ते ब्रह्म.

शंकराचार्यांसमोर इथे अडचण उभी राहते. ब्रह्म निर्गुण, निर्विकार. मग ते जगाचं कारण कसं होईल? कारण म्हटलं की संबंध आला, संबंध आला की विकाराची शंका आली. म्हणून जगाचा कर्ता म्हणून ईश्वर पुढे येतो, मायेच्या उपाधीसह, म्हणजे मायेने घातलेल्या मर्यादेसह. पणिक्कर नेमके इथे थांबतात. ब्रह्म आणि जग यांच्यामध्ये उभा असलेला, ब्रह्मापासून वेगळा नसलेला आणि तरी जगाशी नातं असलेला हा ईश्वर जे काम करतो, तेच काम ख्रिस्ती विचारात ‘ज्याच्याद्वारे सर्व काही झालं’ तो योहानाच्या शुभवर्तमानातला शब्द, म्हणजे ख्रिस्त, करतो, असं ते म्हणतात. ईश्वर म्हणजे येशू नव्हे. पण ईश्वराची जागा आणि ख्रिस्ताची जागा एकच.

इथे अद्वैत शिकलेला कोणीही भुवया उंचावेल. शंकराचार्यांच्या मते पारमार्थिक, म्हणजे अंतिम सत्याच्या, पातळीवर ईश्वर हे रूप टिकत नाही; ज्ञान झालं की ते मावळतं. मग ख्रिस्ताला तिथे बसवून त्याला व्यवहाराच्या पातळीवर आणलं, असं होत नाही का? पणिक्कर यांना हे माहीत होतं. ते शंकराचार्यांचं मत सांगत नाहीत, सूत्राचा स्वतःचा अर्थ लावतात. ब्रह्म म्हणजेच सगुण ईश्वर मानणाऱ्या रामानुजांच्या बाजूने गेले असते तर वाट सोपी होती, पण त्यांनी अवघड बाजू मुद्दाम निवडली असं मला वाटतं.

तरीही १९६४च्या पणिक्करांवर एक आक्षेप उरतोच आणि तो राहनर यांच्यावरच्या आक्षेपापेक्षा जड आहे. राहनर हिंदूच्या ग्रंथाला हात लावत नाहीत. पणिक्कर त्याचा ग्रंथ उघडतात आणि त्याला न दिसलेलं काहीतरी ख्रिस्ती माणसाला त्यात दिसतं असं सुचवतात. प्रेमाने केलेलं असलं तरी ते दुसऱ्याच्या घरात शिरून देव्हाऱ्यातल्या मूर्तीची ओळख घरमालकालाच करून देण्यासारखं आहे.

त्या वर्षी हे प्रश्न मुंबईतही चांगलेच तापले होते. नोव्हेंबर १९६४मध्ये क्युंग आणि पणिक्कर यांच्यासह काही ईश्वरविज्ञानी याच विषयावर बोलायला मुंबईत जमले. पाठोपाठ कॅथलिकांच्या आंतरराष्ट्रीय युखरिस्ट परिषदेसाठी पोप सहावे पॉल आले आणि ३ डिसेंबरला इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यकातली ‘असतो मा सद्गमय’ ही प्रार्थना उद्धृत केली. त्याआधी दोनच आठवडे, २१ नोव्हेंबरला, कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा चर्चविषयक दस्तऐवज जाहीर झाला होता. स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाला जागतात, त्यांचंही तारण होऊ शकतं, असं त्याच्या सोळाव्या परिच्छेदात आहे. राहनर त्या परिषदेचे तज्ज्ञ सल्लागार होते खरे, पण ‘अनामिक ख्रिस्ती’ हा शब्दप्रयोग त्या दस्तऐवजात नाही.

रेव्हरंड टिळक या दोघांत बसत नाहीत, तरी त्यांनाही कधीकधी इथे ओढून आणलं जातं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. पूल म्हटला की पलीकडे जाणं आलं. राहनर यांच्या माणसाला तारणासाठी पूल ओलांडावाच लागत नाही आणि पणिक्कर तर ख्रिस्त अलीकडच्या काठावरही आहे असं म्हणतात.

खरा गोंधळ पणिक्कर यांच्या पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांमुळे होतो. १९८१ साली ते सुधारून, वाढवून पुन्हा आलं. मुख्य शीर्षक तेच, भूमिका बरीच बदललेली. आता ख्रिस्त हिंदूंना अज्ञात आणि ख्रिस्ती लोकांना ज्ञात असा हिशेब राहिला नाही. ते गूढ ख्रिस्ती माणसालाही पुरतं उमगलेलं नाही. येशू हा ख्रिस्त आहे असं ख्रिस्ती माणूस म्हणू शकतो, पण ख्रिस्त म्हणजे फक्त येशू असं म्हणता येणार नाही, आणि हिंदू त्याच गूढाला दुसऱ्या नावाने ओळखत असेल. वरचा घरमालकाचा आक्षेप इथे पुष्कळसा गळून पडतो, पण नवा उभा राहतो: मग त्या गूढाला ख्रिस्तच का म्हणायचं? पणिक्कर यांचं उत्तर, आपण ख्रिस्ती परंपरेतून बोलतोय म्हणून, मला अर्धवट वाटतं. व्हॅटिकनने २००० साली ‘दोमिनुस येझुस’ या घोषणापत्रात योहानाच्या शुभवर्तमानातला तो ‘शब्द’ आणि येशू यांची फारकत करण्याविरुद्ध इशारा दिला. त्यात पणिक्कर यांचं नाव नाही, पण तो लागू पडलाच तर १९८१च्या आवृत्तीला पडतो. राहनर यांना अजिबात नाही.

म्हणून पणिक्कर यांचं वाक्य कुठे उद्धृत केलेलं दिसलं तर आधी साल बघा. १९६४ असेल तर ईश्वर आणि ख्रिस्त यांच्या जुळणीची चर्चा अपेक्षित आहे. १९८१च्या आवृत्तीला ख्रिस्ताच्या प्रकटीकरणाविषयीचं एक उपशीर्षक जोडलेलं आहे, त्यावरून ती लगेच ओळखता येते. आणि साल दिलेलंच नसेल, वर त्याच वाक्यात राहनर यांचंही नाव असेल, तर लेखकाने दोघांपैकी कोणालाच नीट वाचलेलं नसण्याची शक्यता दाट आहे.