उर्नेसचं लाकडी चर्च आणि त्याच्या भिंतीतलं जुनं दार

नॉर्वेतल्या सोग्नेफ्योर्डला, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या लांब खाडीला, लुस्त्राफ्योर्ड नावाचा फाटा आहे. त्याच्या काठच्या उतारावर उर्नेस हे लहानसं गाव, आणि तिथेच काळपट लाकडाचं एक चर्च. ते ११३० च्या सुमारास उभं राहिलं, पण त्याची उत्तरेकडची भिंत पाहिली की काळ आणखी मागे सरकतो. ११ व्या शतकात या जागी दुसरं चर्च होतं. नवं बांधताना सुतारांनी त्याचं कोरीव दार आणि काही फळ्या टाकून दिल्या नाहीत, नव्या भिंतीत बसवल्या.

हे दार सावकाश पाहावं असं आहे. चार पायांचं एक जनावर सापाचा चावा घेतंय आणि साप उलटून त्यालाच डसतोय. भोवती जाड-बारीक वेटोळी एकमेकांखालून निघतात, वर येतात, पुन्हा गुंततात. कुणी यात सैतानाशी झुंजणारा ख्रिस्तरूपी सिंह पाहतो, तर कुणी नॉर्स, म्हणजे ख्रिस्ती होण्याआधीच्या उत्तर युरोपातल्या, पुराणातला विश्ववृक्षाची मुळं कुरतडणारा सर्परूपी नीडहॉग. नॉर्वेत ख्रिस्ती धर्म रुजून तेव्हा जेमतेम दोन पिढ्या झाल्या होत्या. मला तर वाटतं, देव नवा आला तरी कारागिराच्या हाताचं वळण जुनंच होतं. व्हायकिंग कलेच्या या शेवटच्या शैलीला आज ‘उर्नेस शैली’ म्हणतात.

आत गेलं की वेगळंच दिसतं. गोल खांब, त्यांवर कोरीव शीर्षं, अर्धवर्तुळाकार कमानी. युरोपातल्या दगडी चर्चची सगळी घडण इथे लाकडात उतरवली आहे.

मग आधीचं चर्च का टिकलं नाही? त्याचे खांब थेट जमिनीत पुरलेले होते, उत्खननात ते खड्डे सापडले. ओल धरली की खांब बुडापासून कुजतो. नव्या चर्चचे खांब दगडांवर ठेवलेल्या आडव्या तुळयांवर उभे केले. आपल्या वाड्यांत खांबाखाली तळखडा असतो, तो याच कारणासाठी. बाहेरून डांबराचे हात दिले जात.

मध्ययुगात नॉर्वेत अशी शेकडो चर्चेस होती, आज २८ उरली आहेत. कुजण्याइतकाच घात १८५१ च्या कायद्याने केला. गावातल्या लोकसंख्येच्या तीन-दशांश माणसं मावतील एवढं चर्च हवं, असा नियम झाला आणि लहान जुनी चर्चेस पाडली गेली. उर्नेस मात्र वाचलं. १८८१ मध्ये ते वारसा जपणाऱ्या फोर्टिड्समिनेफोरेनिंगेन या संस्थेकडे आलं, १९७९ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं. २००१ पासून सरकारने उरलेल्या सगळ्या लाकडी चर्चेसची डागडुजी हाती घेतली, तेव्हा उर्नेसलाही काम काढावं लागलं ते खचलेल्या पायाचंच.