हलका हात, हलकी मजुरी

२०२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकऱ्यांच्या कंपनीत युरोपीय गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये घातले. परदेशी पैसा आला की बायकांच्या हाताला काम मिळतं, असं आपण धरून चालतो. का मिळतं, हे विचारलं तर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यात ठरलेलं उत्तर येतं: बायकांचा हात मुळातच हलका. (पाळीत त्याच हाताने लोणचं नासतं म्हणे! द्राक्षघडातले जादा मणी काढण्याच्या, म्हणजे विरळणीच्या, घाईत हा नियम कोणाला आठवत नाही.)

निर्यातीच्या द्राक्षाचा मणी मिलिमीटरमध्ये मोजतात. जिबरेलिक ॲसिड या वाढ-संप्रेरकात घड बुडवला की मणी फुगतो, पण दाटीत फुगणार कुठे? म्हणून कात्रीने जादा मणी काढायचे, शेजारच्याला ओरखडा न लागता. सुरगाणा-पेठच्या डोंगराळ तालुक्यांतून आलेल्या बायका हे दिवसभर करतात.

डायान एल्सन आणि रूथ पीअर्सन या अभ्यासकांनी १९८१ मध्ये निर्यात कारखान्यांतल्या कामगार बायकांबद्दल नेमका हाच समज खोडून काढला. बोटांतली सफाई उपजत नसते. शिवण-टिपण, निवडणं-टिपणं यांतून मुलगी ती घरीच शिकते. आयटीआयच्या वेल्डरकडे प्रमाणपत्र असतं, म्हणून तो कुशल. घरच्या शिक्षणाला प्रमाणपत्र नाही, म्हणून बाई अकुशल. म्हणजे मालकाला कामगार तयार मिळतो, शिकवण्याचा खर्च आईने केलेला असतो आणि मजुरीत तो कुठेच धरला जात नाही. भांडवल जगभर फिरून अशीच जागा शोधतं.

यंत्र आलं की गणित उलटतं. महागडं यंत्र तीन पाळ्यांत चालवलं तरच परवडतं. १९४८ च्या कारखाने कायद्यात बायकांना रात्रपाळी बंद होती. महाराष्ट्राने ती २०१५ मध्ये अटींसह खुली केली, पण नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत रात्री कामाला गेल्यावर घरी पोरांना कोण बघणार, हा प्रश्न उरतोच. मेक्सिकोच्या सीमेवरच्या निर्यात कारखान्यांत सुरुवातीला बहुसंख्य बायकाच होत्या. वाहनांच्या सुट्या भागांसारखे उद्योग वाढले तसा त्यांचा वाटा बराच घसरला.

तेव्हा नुसत्या टक्केवारीने हुरळू नये. सरकारी श्रमबल सर्वेक्षणात १५ वर्षांवरील स्त्रियांचा सहभाग (म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण) २०१७-१८ मधल्या २३.३ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४१.७ वर गेला. यातली बरीच वाढ स्वयंरोजगाराची आहे, आणि घरच्याच बागेत बिनपगारी विरळणी करणारी बाईसुद्धा त्यात धरली जाते.