लांब पात्याचे फिन

लांब पात्याचे फिन : एका श्वासावर खोल जाणारे फ्रीडायव्हर आणि तशाच एका श्वासावर पाण्याखाली मासा टिपणारे स्पिअरफिशर पायात घालतात ते साधन. पाऊल बसते तो रबरी बूट आणि त्याला जोडलेले लवचिक पाते, असे त्याचे दोन भाग. एकूण लांबी साधारण ८० ते ९५ सेंमी. भरते; स्कूबाचे, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन उतरणाऱ्यांचे फिन याहून बरेच आखूड असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार मिळून होणाऱ्या खान्देशाला समुद्र नाही, त्यामुळे इथल्या माणसाला फिन पहिल्यांदा दिसते ते बहुधा तारकर्लीला. पण विहिरीत सूर मारत पोहायला शिकलेला खान्देशी पोरगा श्वास रोखण्यात कच्चा नसतो. फसतो तो खरेदीत.

फ्रेंच नौदल अधिकारी लुई द कॉर्लिए याने १९३३ मध्ये फिनचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत ओवेन चर्चिल याने त्यांचे उत्पादन केले आणि दुसऱ्या महायुद्धात ती नौदलाच्या पाणबुड्यांच्या पायांत गेली. दोन्ही पाय एकाच रुंद पात्यात अडकवणारे मोनोफिन स्पर्धेत उपयोगी पडते. खडकांच्या फटींत वळावे लागणाऱ्या मासेमाराच्या ते कामाचे नाही.

पाते लांब का, याचे उत्तर प्राणवायूच्या हिशोबात आहे. मांडीचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे, म्हणून खर्चही त्यांचाच मोठा. लांब पाते सावकाश हलवले तरी पुष्कळ पाणी मागे ढकलते; वाकलेले पाते सरळ होताना आणखी एक रेटा देते. जोर लागतो तो सुरुवातीला. पृष्ठभागाजवळ फुप्फुसातली हवा आणि अंगावरचा निओप्रीनचा, म्हणजे हवेचे बुडबुडे असलेल्या रबराचा सूट माणसाला वर ढकलत असतात. १० मी. खोलीवर दाब दुप्पट होतो, फुप्फुसातली हवा निम्म्या जागेत मावते, आणि त्यानंतर कुठेतरी शरीर आपोआप खाली जाऊ लागते. तिथून पाय थांबवायचे असतात. परतताना मात्र तळापासून तोच चढ स्वतःच्या पायांनी चढायचा.

पात्याचा कडकपणा मऊ, मध्यम, कडक असा सांगितला जातो आणि नवशिके हटकून कडक पाते उचलतात. कडक पात्याने वेग मिळतो हे खरे, पण पिंढऱ्या भरून येतात, पायात गोळा येतो आणि श्वास लवकर संपतो. साधारण ६०-७० किलो वजनाच्या, पायाची खास तयारी नसलेल्या माणसाला मऊ किंवा फार तर मध्यम पाते पुरते. लाथ कमरेपासून मारायची असते. गुडघे दुमडून सायकल चालवल्यासारखे पाय मारणाऱ्याला कोणतेही पाते महागच पडते.

पाती तीन प्रकारची मिळतात. प्लास्टिकची जड असतात आणि वाकल्यावर सरळ व्हायला आळस करतात, पण दगडावर घासली, नावेत तुडवली गेली तरी टिकतात. फायबरग्लासची हलकी व चपळ असून धक्काही बऱ्यापैकी सोसतात. कार्बन फायबरची सर्वांत हलकी आणि सर्वांत तत्पर. फ्रान्सच्या आर्नो जेराल्डने २०२२ मध्ये दोन स्वतंत्र फिन घालून १२० मी. खोली गाठली, त्या खोलीवर प्रत्येक लाथेची बचत मोलाची असते. पण कार्बनची कड खडकावर आपटली की थर सुटू लागतात आणि एक दिवस पाते मोडते. खान्देशातली विहीर काळ्या पाषाणात खोदलेली, तिच्या कपारी धारदार. तिथे सराव करणाऱ्याने कार्बन घेणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे, अगदी शब्दशः. पाते बदलता येईल असा बूट घेऊन आधी प्लास्टिकवर सराव करावा आणि समुद्रात नियमित जाणे होऊ लागले की फायबरग्लासचे पाते बसवावे, हा मार्ग शहाणपणाचा.

पात्यापेक्षा बूट महत्त्वाचा, आणि दुर्लक्ष नेमके त्याच्याकडे होते. बरेच बूट अरुंद पावलाच्या साच्यावर बेतलेले असतात. अनवाणी किंवा चपलांत वाढलेल्या पावलाचा पंजा पसरट असतो. अशा पावलाची करंगळी त्यात चेपते आणि अर्ध्या तासात पाऊल बधिर होते. बूट दोन-तीन मिमी. जाडीचा निओप्रीन मोजा घालूनच पाहावा. पाय उचलून जोरात झटकला तर टाच सुटता कामा नये आणि बोटांवर दाबही येता कामा नये. एक नंबर मोठा घेऊन आत जादा मोजे कोंबण्याची युक्ती सर्रास चालते, पण तिने लाथेचा जोर पात्यापर्यंत पोहोचण्याआधीच बुटात जिरतो. पाते बुटाशी थोडे खाली झुकलेले असावे, कारण घोटा नडगीच्या रेषेत पुरता ताणला जात नाही. ती कसर हा कोन भरून काढतो. विकत घेताना दोन्ही पात्यांची टोके जमिनीला टेकवून सारखा भार द्यावा. एक पाते जास्त वाकले, पिळले किंवा कट्‌ असा आवाज आला, तर जोडी परत ठेवावी.

टिकाऊपणाचा खरा शत्रू इथले ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि बंद गाडीत किंवा पत्र्याखाली उष्णता त्याहून कितीतरी वाढते. भिंतीला उभे टेकवलेले प्लास्टिकचे पाते अशा उन्हाळ्यात कायमचे वाकते. फायबरग्लास आणि कार्बनचे थर धरून ठेवणारे रेझिनही उष्णतेने ढिले पडू शकते. विहिरीवरच्या पंपाच्या खोलीत तर फिन ठेवूच नये : तिथल्या ग्रीस-डिझेलने रबर फुगते. घरात, सावलीत, आडवे ठेवावे. बूट चढत नसेल तर साबणाचे पाणी लावावे, तेल नव्हे.

खान्देशात स्पिअरफिशिंगला वाव थोडाच आहे. पूर्णा नदी विदर्भातली काळी माती घेऊन चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तो गाळ हतनूरच्या जलाशयात साचतो. अशा गढूळ पाण्यात मासा दिसणार कसा? जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे असतो, म्हणून त्यांना न विचारता उतरणे हे भांडणाला निमंत्रण. सातपुड्यातल्या भिल्लांची उथळ पाण्यातला मासा तीरकामठ्याने टिपण्याची रीत जुनी आहे. तिला फिन लागत नाही. इथले पाणी उपयोगी पडते ते सरावाला. तोही एकट्याने करू नये : वर येताना शेवटच्या काही मीटरमध्ये आणि पाण्याबाहेर आल्यावरही शुद्ध हरपू शकते, म्हणून एक जण खाली असताना दुसऱ्याने वर लक्ष ठेवायचे असते. लांब फिन घालून विहिरीत वरून उडी मारणे घोट्याला आणि पात्याला दोघांनाही भोवते. पायऱ्यांवर बसून, पाण्यात पाय सोडून ती चढवावीत.

गोड्या पाण्यात शरीर समुद्रापेक्षा कमी तरंगते. सत्तर किलोच्या माणसाला हा फरक दीड-पावणेदोन किलोचा पडतो. म्हणून विहिरीत किंवा धरणात जुळवलेला शिशाचा पट्टा (बुडायला मदत व्हावी म्हणून कमरेला बांधायचे वजन) घेऊन मालवणला गेलेला माणूस डुबकीच्या सुरुवातीला निष्कारण पाय मारत बसतो आणि दोष फिनला देतो. तिथे पोहोचल्यावर आधी पट्ट्यात वजन वाढवून पाहावे, पाते बदलण्याचा विचार नंतर करावा.