कोचच्या वहीतून : मी स्वतः व्यायाम कसा करते आणि त्यातलं तुम्ही काय घ्यावं
(जिमच्या सभासदांसाठी माहितीपत्रक)

“मॅडम, तुमचं स्वतःचं रूटीन काय आहे? तेच मला द्या ना.” नवीन सभासदांकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि तो रास्त आहे. दुसऱ्यांना वजन उचलायला लावणारी व्यक्ती स्वतः काय उचलते, हे तुम्हाला कळायलाच हवं. म्हणून माझ्या वहीतला सध्याचा आठवडा या पत्रकात कारणांसकट मांडते आहे. वजनाचे आकडे माझे आहेत, ते तुम्ही घेऊ नका. सेट (न थांबता सलग केलेली एक खेप) एवढेच का, मध्ये विश्रांती एवढी का, अंगात जोर शिल्लक असतानाही मी बार (वजनं लावायची लांब दांडी) रॅकवर, म्हणजे त्याच्या स्टँडवर, का ठेवते, हे मात्र जरूर वाचा. तुमच्या कार्डावर आम्ही जे लिहितो त्यामागचा विचार हाच असतो.

आठवड्याची आखणी

वजनाचे दिवस तीन. सोमवारी स्क्वॉट (खांद्यांवर बार घेऊन बसणं-उठणं), बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून बार वर ढकलणं) आणि कमरेत वाकून बारबेल रोइंग. गुरुवारी डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं), उभ्याने ओव्हरहेड प्रेस आणि पुल-अप्स. शनिवारी लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), डंबेल प्रेस आणि दोन्ही हातांत जड डंबेल धरून ताठ चालणं. मंगळवार आणि शुक्रवार दमसासाचे, साधारण पाऊण तास सायकल किंवा भरभर चालणं. बुधवार आणि रविवारी जिममध्ये व्यायाम नाही, फक्त दिवसभराचं नेहमीचं चालणं.

एवढंच? हो, एवढंच. बसणं-उठणं, जमिनीवरून उचलणं, पुढे ढकलणं, डोक्यावर ढकलणं, स्वतःकडे ओढणं आणि ओझं घेऊन चालणं, या हालचालींत अंगातले सगळे मोठे स्नायू कामाला लागतात. दंडासाठी वेगळे तीन प्रकार आणि पोटासाठी पाच प्रकार मी करत नाही. ज्यांना हौस आहे त्यांनी मुख्य व्यायाम झाल्यावर जरूर करावेत, पण बायसेप कर्ल्सनी दमून मग डेडलिफ्टला जाऊ नये.

हे व्यायाम मी महिनोन्‌महिने बदलत नाही. “मसल्सना सारखं चकवायला हवं” असं बरेच जण ऐकून येतात. दर आठवड्याला व्यायाम बदलला, तर मागच्या वेळेपेक्षा आपण पुढे गेलो की नाही हे कळणार कसं? तीन आठवड्यांपूर्वीच्या आणि आजच्या स्क्वॉटची तुलना करता येते, कारण दोन्ही वेळा तो स्क्वॉटच होता.

सोमवारचा स्क्वॉट, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आधी पाच-सात मिनिटं सायकल, अंग गरम होईपर्यंत. मग घोटे, कंबर आणि खांदे मोकळे करते. एकाच स्थितीत मिनिटभराहून जास्त ताणून धरायचं स्ट्रेचिंग या वेळी करत नाही. त्यानंतर थोडा वेळ स्नायूंचा जोर किंचित उतरतो, म्हणून ते शेवटी.

मग रिकामा बार, २० किलोचा, १० रेप्स, म्हणजे हालचाल १० वेळा पूर्ण. पुढे ४० किलोचे ५, ५५ चे ३, ६५ चे २. हे सगळे वॉर्म-अपचे सेट. यांतून दम जात नाही, पण पाय, पाठ आणि डोकं तिघांनाही कळतं की आज काय येणार आहे. रिकाम्या बारला कमीपणाचं समजून थेट मोठ्या प्लेट्स चढवणाऱ्यांना मी थांबवते. माझा स्वतःचा प्रत्येक स्क्वॉटचा दिवस रिकाम्या बारनेच सुरू होतो.

मग कामाचे सेट : ७५ किलो, ५ रेप्स, ३ वेळा.

रॅकवरचा बार काखेच्या थोडा खाली असावा, म्हणजे काढताना चवड्यांवर उभं राहावं लागत नाही. पूर्ण खाली बसल्यावर बार जिथे येतो, त्याच्या दोन बोटं खाली सेफ्टी पिन लावते. बार मानेच्या हाडावर ठेवत नाही, खांदे मागे खेचल्यावर तिथे स्नायूंची जी गादी तयार होते तिच्यावर ठेवते. रॅकमधून निघाल्यावर मागे दोन पावलं, तिसरं फक्त पाय जुळवायला. मग श्वास पोटात भरून घेते, इतका की पोट पुढून, बाजूंनी आणि मागून ताठ होतं. हाच पाठीच्या कण्याचा आधार. गुडघे पावलांच्या दिशेने बाहेर ठेवत खाली बसते, टाचा जमिनीला चिकटलेल्या, मांडी समांतरच्या किंचित खाली. वर येताना छाती आणि कंबर बरोबर उठली पाहिजे. कंबर आधी वर गेली आणि छाती खालीच राहिली, तर सगळा भार पाठीवर येतो. श्वास वर आल्यावर सोडते.

श्वास असा धरून ठेवल्याने काही क्षण रक्तदाब बराच वाढतो. ज्यांना रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी हे करू नये. त्यांना आम्ही हलकं वजन आणि उठताना श्वास सोडण्याची पद्धत शिकवतो, तीही डॉक्टरांशी बोलून झाल्यावरच.

दोन रेप्स शिल्लक

या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ही ठेवा. पाचवा रेप संपल्यावर मला स्वतःला विचारावं लागतं, आणखी किती निघाले असते? उत्तर “दोन” असेल तर वजन बरोबर आहे. “चार-पाच” असेल तर पुढच्या वेळी वजन वाढेल. “एकही नाही” असेल तर आज मी जास्त घेतलं.

हे ओळखायला बारचा वेग बघा. पहिले तीन रेप्स सारख्याच चालीने वर जातात, चौथ्याला बार थोडा जड होतो, पाचव्याला अर्ध्या वाटेवर तो क्षणभर रेंगाळतो आणि तरीही सरळ रेषेत वर येतो. तिथे थांबायचं. पाठ गोल व्हायला लागली, गुडघे आत पडायला लागले, टाच उचलली गेली, की तो सेट संपला, कार्डावर कितीही आकडा लिहिलेला असो.

अंगात जोर असताना थांबणं म्हणजे आळस असं अनेकांना वाटतं, आणि हा समज काढायला मला फार वेळ लागतो. शेवटचा थेंब पिळून काढलेल्या एका सेटने जो थकवा येतो, तो पुढचे दोन सेट खराब करतो आणि कधी कधी गुरुवारचा डेडलिफ्टही. ताकद वाढते ती चांगल्या प्रतीच्या, पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या रेप्समधून.

हे काही आजचं शहाणपण नाही. थॉमस डीलॉर्म हे अमेरिकन सैन्यातले डॉक्टर दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करायला वजनांचा व्यायाम वापरत. त्यांच्या १९४५ च्या पद्धतीत १०-१० रेप्सचे ७ ते १० सेट होते. १९४८ साली वॅटकिन्स यांच्याबरोबर त्यांनी ते ३ सेटवर आणले : पहिला सेट १० वेळा जेमतेम उचलता येईल अशा वजनाच्या अर्ध्याने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण वजनाने. जोर वाढला की वजन वाढवायचं. आज जगभरच्या जिममध्ये “३ सेट” दिसतात, त्यांचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

जास्तीत जास्त किती उचलता येतं हे पाहायला एकच रेप मारण्याची चाचणी आम्ही नव्या सभासदांची घेत नाही. अंदाज हिशोबानेही येतो. ७५ किलोचे ५ रेप्स केले आणि २ शिल्लक होते, म्हणजे ७ धरा. ७ ला ३० ने भागून त्यात १ मिळवा आणि ७५ ने गुणा. साधारण ९२ किलो येतात. म्हणजे माझा कामाचा सेट माझ्या कमाल वजनाच्या सुमारे ८० टक्क्यांवर आहे. हे उत्तर तंतोतंत नसतं, रेप्स १० च्या पुढे गेले की आणखी चुकतं, पण कार्ड लिहायला पुरेसं आहे.

मधली विश्रांती

जड स्क्वॉट आणि डेडलिफ्टच्या सेटमध्ये मी ३ ते ५ मिनिटं बसते. लांबून पाहणाऱ्याला वाटतं कोच आराम करते आहे. खरं कारण असं की, पहिल्या सुमारे १० सेकंदांच्या जोरासाठी स्नायू क्रिएटिन फॉस्फेट नावाचा साठा वापरतात आणि तो जवळजवळ पूर्ण भरायला काही मिनिटं जातात. मिनिटभरात पुन्हा बारखाली गेलात तर धाप लागेल, घाम येईल, पण वजन कमी करावं लागेल. दंड किंवा पोटऱ्यांच्या हलक्या व्यायामांना एक-दीड मिनिट पुरतं.

दमसास

“सायकल चालवली तर कमावलेले मसल्स जातील का?” हा दुसरा नेहमीचा प्रश्न. या भीतीला थोडा आधार आहे. रॉबर्ट हिक्सन यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही लोकांनी १० आठवडे वजनं आणि जोरदार दमसास दोन्ही केलं. सुरुवातीला त्यांची ताकद फक्त वजनं उचलणाऱ्यांसारखीच वाढली, पण शेवटच्या आठवड्यांत थांबली आणि उतरू लागली. ते लोक वजनांचा व्यायाम आठवड्यात ५ दिवस आणि दमसास ६ दिवस करत होते, आणि तोही जोर लावून. इतका भार सहसा आपल्यापैकी कुणीच घेत नाही.

म्हणून माझे दमसासाचे दोन दिवस मुद्दाम सावकाश आहेत. ओळख सोपी : सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. जोराचा भाग फक्त शनिवारी, वजनं झाल्यानंतर. रोइंग मशीनवर ३० सेकंद पूर्ण जोर, ९० सेकंद अगदी हळू, असं ६ वेळा. हा १२ मिनिटांचा भाग वजनांच्या आधी कधीच घेत नाही, कारण थकलेल्या पायांनी लंजेस करताना तोल जातो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची हालचाल करावी, आणि शिवाय किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करावा. यातला दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. माझ्या पाऊण तासाच्या दोन दिवसांनी १५० चा आकडा गाठला जात नाही, तो रोजच्या भरभर चालण्याने भरते. तुम्हीही तसंच करू शकता.

वजन कधी वाढवायचं, कधी उतरवायचं

तिन्ही सेटचे पाचही रेप्स नीट झाले आणि दोन शिल्लक राहिले, तर पुढच्या वेळी बारच्या दोन्ही टोकांना सव्वा किलोची एकेक प्लेट. एकूण अडीच किलो, बस. ओव्हरहेड प्रेसमध्ये एवढी उडीसुद्धा मोठी पडते, तिथे मी आधी रेप्स वाढवते आणि नंतर वजन.

नवीन लोकांचं बारवरचं वजन पहिल्या काही आठवड्यांत भराभर वाढतं आणि आरशात मात्र फरक दिसत नाही. यात काही बिघडलेलं नसतं. सुरुवातीची वाढ मुख्यतः मेंदू आणि नसांची असते, असलेल्या स्नायूंतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शरीर शिकतं. स्नायूंची जाडी मागाहून येते. स्नायूंना हाडांशी जोडणारे कंडरे तर त्याहून सावकाश तयार होतात. म्हणूनच जोर वाढला असं वाटत असतानाही आम्ही तुम्हाला आवरतो. कोपर, खांदा आणि गुडघ्याची बरीच दुखणी या घाईतून येतात.

तीन आठवडे चढत गेल्यावर चौथा हलका. व्यायाम तेच, वजन सुमारे पाऊण, सेट तीनऐवजी दोन. हा आठवडा मी कधीच गाळत नाही, अंग उत्तम वाटत असलं तरीही.

झोप सात तासांच्या खाली गेली की दुसऱ्या दिवशी मी वजन वाढवत नाही. प्रथिनांचं म्हणाल तर ताकदीचा व्यायाम करणाऱ्या निरोगी माणसाला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १.६ ग्रॅम पुरतात. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा आकडा डॉक्टरांनीच ठरवावा.

दुखणं कुठलं चालतं, कुठलं नाही

नवा व्यायाम केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. हे लॅक्टिक ॲसिडमुळे होत नाही, ते व्यायामानंतर तास-दीड तासात निघून गेलेलं असतं. वजन खाली आणताना ताणल्या जाणाऱ्या स्नायूंच्या तंतूंना जी बारीक इजा होते, तिचं हे दुखणं. दोन्ही पायांत सारखं, स्नायूच्या मधल्या भागात, हलल्यावर थोडं कमी होणारं दुखणं चालतं. अशा वेळी हलकं चाला, सायकल चालवा. दुखलं म्हणजेच व्यायाम लागू पडला असंही समजू नका; मी स्वतः बऱ्याच आठवड्यांत अजिबात दुखत नसताना पुढे सरकते.

एकाच बाजूला, सांध्यात, टोचणारं किंवा सुरी फिरवल्यासारखं दुखणं वेगळं. हातापायाला मुंग्या येणं, कंबरेतून पायाकडे कळ जाणं, गुडघा अडकणं, सांध्याला सूज, यांत व्यायाम थांबवायचा आणि आम्हाला सांगायचं. छातीत दडपण, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी किंवा व्यायाम थांबवूनही न बसणारी धाप जाणवली, तर सेट अर्धा राहिला तरी चालेल. बार रॅकवर ठेवा, खाली बसा आणि जो कोच जवळ असेल त्याला लगेच हाक मारा.