फायरफॉक्स क्वांटम : आवृत्ती ५७ आणि वापरकर्त्यांच्या प्रतिक्रिया

फायरफॉक्स या मुक्तस्रोत ब्राउझरची ५७ वी आवृत्ती. फायरफॉक्स विकसित करणाऱ्या मोझिला या संस्थेने ती १४ नोव्हेंबर २०१७ रोजी ‘क्वांटम’ या नावाने प्रसिद्ध केली. वाढलेला वेग, ‘फोटॉन’ हे नवे रूप आणि अनेक प्रक्रियांत (संगणकावर स्वतंत्रपणे चालणाऱ्या भागांत) विभागलेली अंतर्रचना यांमुळे तिचे मोठ्या प्रमाणावर स्वागत झाले. याच आवृत्तीने जुन्या पद्धतीचे सर्व ॲड-ऑन (ब्राउझरला जोडायची पूरक साधने) एकाच दिवसात निरुपयोगी ठरवले आणि जुन्या, निष्ठावान वापरकर्त्यांत तीव्र नाराजी उमटली. ब्राउझरच्या अद्यतनाला मिळालेल्या प्रतिक्रियांचा अभ्यास करताना हे उदाहरण आधी घ्यावे लागते, कारण इथे आक्षेप रंगरूपापुरता नव्हता. त्याचे मूळ ब्राउझरच्या बांधणीत होते.

पूर्वपीठिका : या नाराजीचा आरंभ कोठे धरावा याबद्दल एकमत नाही. काही जण तो १७ जून २००८ रोजी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत मागे नेतात. या आवृत्तीला २४ तासांत ८०,०२,५३० डाउनलोड मिळाले व त्याची गिनीज विक्रमांत नोंद झाली. तिच्या पत्तापट्टीत पत्त्याबरोबरच पानांची शीर्षके, बुकमार्क आणि इतिहास यांचाही शोध होऊ लागला. अनेकांना ते खटकले आणि जुनी पट्टी परत आणणारे ॲड-ऑन लगोलग तयार झाले. मात्र ती कुरबुर लवकरच ओसरली. आज ती पट्टी कोणाला नवी वाटत नाही.

२०११ हे वर्ष आरंभ म्हणून अधिक ग्राह्य वाटते. चौथी आवृत्ती २२ मार्च २०११ रोजी आली आणि पाचवी २१ जून रोजी, म्हणजे तीन महिन्यांच्या आत. दर सहा आठवड्यांनी नवी आवृत्ती काढण्याचे धोरण तेव्हापासून लागू झाले. पाचवी आल्याबरोबर चौथीची सुरक्षा-अद्यतने थांबली. नवी आवृत्ती महिनोन्महिने तपासून मगच सगळ्या संगणकांवर बसवणाऱ्या संस्थांची यामुळे मोठी पंचाईत झाली. त्यांच्यासाठी मोझिलाला ३१ जानेवारी २०१२ रोजी दहाव्या आवृत्तीबरोबर ‘ईएसआर’ (विस्तारित आधाराची आवृत्ती) ही सुमारे वर्षभर टिकणारी शाखा सुरू करावी लागली. वापरकर्त्यांच्या तक्रारीमुळे प्रकाशनाची पद्धतच बदलली, असे हे स्पष्ट उदाहरण होय.

तांत्रिक मूळ : क्वांटमवरील रोष समजण्यासाठी ‘झूल’ (एक्सयूएल) ही व्यवस्था पाहणे आवश्यक आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस, नेटस्केपचा ब्राउझर नव्याने लिहिला जात असताना ती आकाराला आली. विंडोज, मॅक आणि युनिक्स या तिन्हींवर एकाच लेखनातून खिडक्या, मेनू व पट्ट्या उभ्या करता याव्यात, हा तिचा हेतू होता. ती एक्सएमएल या खुणांनी रचना मांडण्याच्या पद्धतीवर आधारलेली चिन्हांकन-भाषा आहे. फायरफॉक्सची मुख्य खिडकी हाच एक झूल दस्तऐवज होता. त्यातील प्रत्येक बटणाला, मेनूला आणि टॅबच्या पट्टीला स्वतःची ओळखखूण होती.

‘ओव्हरले’ ही सोय यातूनच निघाली. ॲड-ऑनकर्ता एक छोटा झूल दस्तऐवज लिहून त्यात मुख्य खिडकीतील ओळखखूण देई. ब्राउझर सुरू होताना दोन्ही दस्तऐवज एकमेकांत मिसळले जात आणि नवा भाग मूळचाच असल्यासारखा दिसे. ॲड-ऑनमधील, जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेतील संहितेलाही ब्राउझरच्या स्वतःच्या संहितेइतकेच अधिकार मिळत. ‘एक्सपीकॉम’ या घटकप्रणालीतून तिला फायली वाचता-लिहिता येत, नेटवर्कवरील विनंत्या अडवता येत आणि मूळ फंक्शनसुद्धा बदलता येत. ॲड-ऑनला काय करता येईल याची आधी आखलेली यादीच नव्हती. जे ब्राउझरला शक्य ते ॲड-ऑनला शक्य, असा हा कारभार होता. टॅब मिक्स प्लस, डाउनदेमऑल, स्क्रॅपबुक, फायरएफटीपी, व्हिम्परेटर यांसारखी साधने याच मोकळीकीतून जन्मली. फायरफॉक्सच्या इतिहासातील सर्जनशीलतेचा फार मोठा वाटा मोझिलाबाहेरच्या या मंडळींचा आहे आणि तो ठळकपणे नोंदवला पाहिजे.

याच मोकळीकीचे तोटेही होते. ब्राउझरमधील एखादी ओळखखूण वा फंक्शन बदलले की त्यावर विसंबलेला ॲड-ऑन मोडे. प्रत्येक ॲड-ऑनला आपण कोणत्या आवृत्तीपर्यंत चालतो हे जाहीर करावे लागे. सहा आठवड्यांच्या चक्रात ही मर्यादा सतत ओलांडली जाऊ लागली आणि व्यवस्थित चालू शकणारे ॲड-ऑनही ‘विसंगत’ म्हणून बंद पडू लागले. दहाव्या आवृत्तीपासून बहुतेक ॲड-ऑन सुसंगत आहेत असे गृहीत धरण्याचा नियम आल्यावर हा त्रास बराच कमी झाला. दुसरी अडचण मात्र नियमाने सुटणारी नव्हती. पाने आणि ब्राउझरचा सांगाडा वेगवेगळ्या प्रक्रियांत चालवण्याचा ‘इलेक्ट्रोलिसिस’ प्रकल्प २०१६ मध्ये ४८ व्या आवृत्तीपासून वापरकर्त्यांपर्यंत पोहोचू लागला. जुने ॲड-ऑन पानाच्या अंतरंगात थेट हात घालत, कारण दोन्ही एकाच प्रक्रियेत असत. प्रक्रिया वेगळ्या झाल्यावर त्या प्रत्येक स्पर्शासाठी मधला दुवा लागू लागला आणि ब्राउझर अडखळू लागला. सुरक्षेचा प्रश्नही होताच : इतके अधिकार हाती असलेला एखादा दुष्ट ॲड-ऑन काहीही करू शकत असे.

निर्णय व परिणाम : २९ एप्रिल २०१४ रोजी २९ व्या आवृत्तीतून ‘ऑस्ट्रेलिस’ हे गोलसर टॅबांचे रूप आले तेव्हाही विरोध झाला होता. ‘क्लासिक थीम रिस्टोअरर’ या ॲड-ऑनने जुने रूप परत मिळत असल्याने तो विरोध निभावला गेला. ज्या व्यवस्थेमुळे ही पळवाट शक्य होती ती व्यवस्थाच काढून टाकण्याचा इरादा मोझिलाने २१ ऑगस्ट २०१५ रोजी जाहीर केला. तिच्या जागी क्रोमच्या धर्तीवरची ‘वेबएक्स्टेन्शन्स’ ही प्रणाली येणार होती. तीत ॲड-ऑनला ठरावीक आज्ञाच वापरता येतात. काही अभ्यासक प्रतिक्रियांचा आरंभ या घोषणेपासूनच धरतात. ॲड-ऑन लिहिणाऱ्यांपुरते ते बरोबर आहे. सामान्य वापरकर्त्याला बदल जाणवला तो दोन वर्षांनी, अद्यतनानंतर आपले ॲड-ऑन बंद झालेले दिसले तेव्हा.

क्वांटमच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुख्य मुद्दा वेगाचा होता. सर्वो या प्रायोगिक इंजिनातून आलेला, रस्ट भाषेत लिहिलेला शैली-गणनेचा (पानावरील घटकांचे रंग, अक्षरे इत्यादी रूप ठरवणारा) भाग संगणकाच्या अनेक गाभ्यांवर एकाच वेळी काम करतो. सहा महिन्यांपूर्वीच्या फायरफॉक्सच्या तुलनेत वेग दुपटीहून अधिक झाल्याचा मोझिलाचा दावा होता. प्रत्यक्ष अनुभव यंत्रागणिक वेगळा असला तरी फरक स्पष्ट जाणवत होता आणि क्रोमकडे गेलेले काही जण परतले.

विरोधकांचे नुकसानही तितकेच खरे होते. पानांवरील स्क्रिप्ट रोखणाऱ्या नोस्क्रिप्ट या ॲड-ऑनची नवी आवृत्ती काही दिवसांनी आली. डाउनदेमऑल २०१९ मध्ये परतले, पण मर्यादित रूपात. टॅबच्या पट्टीची फेररचना करणाऱ्या साधनांना नव्या प्रणालीत जागाच उरली नाही. ज्यांची रोजची कामाची घडी अशा साधनांवर बसली होती त्यांनी काही काळ ५२ व्या ईएसआर शाखेचा आश्रय घेतला. तिचा आधार सप्टेंबर २०१८ मध्ये संपला. काही जण पेल मून वा वॉटरफॉक्स यांसारख्या फायरफॉक्सपासून फुटलेल्या ब्राउझरांकडे वळले. हे ब्राउझर क्वांटमपूर्वीच सुरू झालेले होते, त्यामुळे त्यांना क्वांटमविरोधाची अपत्ये म्हणणे योग्य ठरत नाही.

मतमतांतरे : फायरफॉक्सची वापरकर्तासंख्या याच बदलांमुळे घसरली, असे एक मत आहे. ब्राउझरांच्या वापराची मोजणी करणाऱ्या स्टॅटकाऊंटरच्या आकडेवारीत २००९–१० च्या सुमारास फायरफॉक्सचा वाटा तीस टक्क्यांच्या आसपास होता. त्यानंतरची घसरण क्वांटमच्या बरीच आधी सुरू झालेली दिसते. सप्टेंबर २००८ मध्ये आलेला क्रोम, गूगलच्या पानांवरून झालेला त्याचा प्रचार आणि अँड्रॉइड फोनवरील त्याची आयती उपस्थिती ही कारणे अधिक वजनदार आहेत. तरीही रुष्ट वापरकर्ते संख्येने थोडे म्हणून त्यांचे म्हणणे गौण ठरवणे चुकीचे होईल. घरातल्या व कार्यालयातल्या इतरांना फायरफॉक्स बसवून देणारे बहुधा हेच लोक होते. टेलिमेट्री (वापराची माहिती मोझिलाकडे आपोआप पाठवणारी सोय) बंद ठेवण्याकडेही याच वर्गाचा कल असतो, त्यामुळे वापराच्या आकडेवारीत त्यांची साधने प्रत्यक्षाहून कमी दिसत असावीत, हा त्यांचा युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे.

नंतरची अद्यतने : ऑगस्ट २०२० मध्ये अँड्रॉइडवरील फायरफॉक्स नव्याने लिहून आला तेव्हा मोजकेच ॲड-ऑन चालत होते, हे दार पुन्हा सर्वांसाठी उघडायला डिसेंबर २०२३ उजाडले. १ जून २०२१ च्या ८९ व्या आवृत्तीतील ‘प्रोटॉन’ रूपात टॅब पट्टीपासून सुटे, बटणासारखे झाले आणि दाटीची मांडणी पर्यायांतून लपवली गेली. जुने रूप परत आणणारी अंतर्गत सेटिंग ९१ व्या आवृत्तीत काढली गेली. अशा प्रत्येक बदलाबरोबर पर्यायांची नावे व सूचनाही बदलतात. फायरफॉक्सचे मराठी रूप स्वयंसेवक पाँटून या साधनावर अनुवादित करतात, त्यामुळे हा भार त्यांच्यावरही पडतो.

चौथ्या आवृत्तीत आलेली टॅब-गटांची सोय वापर अत्यल्प असल्याचे सांगून मार्च २०१६ मध्ये ४५ व्या आवृत्तीतून काढण्यात आली होती. वापरकर्त्यांनी तिची मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. २९ एप्रिल २०२५ रोजी १३८ व्या आवृत्तीबरोबर टॅब-गट वेगळ्या बांधणीत फायरफॉक्समध्ये परत आले.